घोडामैदान जवळच आहे

फॉर्म्युला वनच्या जगात फेरारी हा संघ डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अजिंक्य असतो. या तीन महिन्यांत तो एकही शर्यत हरत नाही, त्याचा एकही पिटस्टॉप फसत नाही, त्याचे दोन्ही ड्रायव्हर गुण्यागोविंदाने नांदतात आणि नवी गाडी शर्यतीत कुणी पाहिलेलीच नसल्यामुळे तिच्यात खोट काढायची सोय नसते. अडचण एवढीच, की या काळात शर्यती भरवल्या जात नाहीत. त्या भरल्या असत्या तर मरानेल्लोच्या कारखान्यात करंडक ठेवायला जागा पुरली नसती. आता २०२६ चा मोसम तोंडावर आला आहे आणि रिवाजाप्रमाणे ‘यंदा फेरारीचं काय?’ हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. याचं उत्तर देताना जाणकार मंडळी इंजिन, पंख, टायर वगैरेंची चर्चा करतात. आमचं म्हणणं असं आहे, की हे सगळं न पाहताही उत्तर देता येतं. फेरारीचे दिवस पालटण्याची शक्यता यंदा चांगली आहे. ती दरवर्षीच चांगली असते. आणि ती दरवर्षी इतकी चांगली असते हेच फेरारीच्या अपयशाचं मूळ आहे. विधान विक्षिप्त वाटेल, म्हणून पुराव्यानिशी मांडतो.

आधी घराण्याची पत लक्षात घेऊ. १९५० साली जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून एकही मोसम न चुकवलेला हा एकमेव संघ. ड्रायव्हरांची पंधरा आणि संघांची सोळा विजेतेपदं याच्या नावावर आहेत. इतकी दुसऱ्या कुणाकडे नाहीत. पण ड्रायव्हरचं शेवटचं विजेतेपद २००७ चं आणि संघाचं २००८ चं. २००७ साली जन्मलेलं पोर आता लायसन काढतं, मतदान करतं आणि बापाला गाडी कशी चालवावी हे शिकवतं. त्या वर्षीचा विजयही सरळ चालून आला नव्हता. दोन शर्यती उरल्या असताना किमी रायकोनेन सतरा गुणांनी मागे होता, आणि शर्यत जिंकणाऱ्याला तेव्हा दहाच गुण मिळत. तरी तो ११० गुणांवर पोहोचला आणि मॅक्लारेनचे दोघे प्रत्येकी १०९ वर अडकले. संघाचं विजेतेपद मिळालं तेही मॅक्लारेन बाद झाली म्हणून. फेरारीची शेकडो पानांची गोपनीय कागदपत्रं मॅक्लारेनच्या एका अभियंत्याकडे पोहोचली होती आणि त्यांच्या प्रती काढायला ती इंग्लंडमधल्या एका साध्या झेरॉक्सच्या दुकानात नेली गेली. दुकानातल्या कर्मचाऱ्याने वर ‘फेरारी’ वाचलं आणि थेट इटलीला कळवलं. मॅक्लारेनला दहा कोटी डॉलर दंड झाला. म्हणजे त्या वर्षी फेरारीसाठी सर्वांत अचूक वेळी सर्वांत अचूक निर्णय घेणारा माणूस संघाच्या पगारावर नव्हता. हा तपशील पुढच्या विवेचनात उपयोगी पडणार आहे.

हिवाळ्यात संघप्रमुख जी भाषा बोलतात ती दिवाळी अंकातल्या वार्षिक राशिभविष्याची असते. ‘वर्षाच्या पूर्वार्धात अडथळे संभवतात, परंतु उत्तरार्धात परिश्रमांचं चीज होईल, सहकाऱ्यांशी मतभेद टाळावेत, वाहन जपून चालवावं.’ यातलं एकही वाक्य खोटं ठरू शकत नाही, आणि भविष्य लिहिणाऱ्याचं सगळं कसब तिथेच असतं. संघाच्या पत्रकातही ‘आकडे उत्साहवर्धक आहेत’, ‘योग्य दिशेने वाटचाल सुरू आहे’, ‘पाय जमिनीवर आहेत’ एवढंच असतं. गाडीचे पाय जमिनीवर असणं ही खरं तर किमान अपेक्षा झाली. त्यातून सरावाच्या वेळा हाती आल्या की भक्तांना साक्षात्कार होतो. २०१९ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या सरावात फेरारी इतकी जोरात होती, की मर्सिडीजवाल्यांचे चेहरे उतरल्याच्या बातम्या आल्या. मग मोसम सुरू झाला आणि पहिल्या पाचही शर्यतींत पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक मर्सिडीजने नेले. सरावात कोण किती पेट्रोल भरून धावतंय हे बाहेरच्याला कळत नाही, त्यामुळे त्या वेळांवरून निष्कर्ष काढण्यात फारसा अर्थ नसतो. तरीही दरवर्षी काढतात, कारण निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि वेळा मागाहून त्याला दुजोरा द्यायला येतात.

गेल्या वर्षीचंच पाहा. सात वेळचा जगज्जेता लुईस हॅमिल्टन २०२५ च्या जानेवारीत मरानेल्लोत अवतरला. लांब काळा कोट, मागे संस्थापक एन्झो फेरारींचं जुनं घर आणि शेजारी एफ-४०, असा त्याचा फोटो जगभर गाजला. त्या फोटोतली गाडी १९८७ ची होती, आणि पुढचं वर्ष पाहता ती बदलायला नको होती असं वाटतं. मोसमाच्या दुसऱ्याच आठवड्यात चीनमध्ये शनिवारची छोटी शर्यत हॅमिल्टनने जिंकली. इटलीत पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. रविवारी मुख्य शर्यतीत त्याचा साथीदार शार्ल लेक्लेर पाचवा आणि हॅमिल्टन सहावा आला. संध्याकाळी तपासनीसांनी लेक्लेरची गाडी काट्यावर चढवली. किमान वजन ८०० किलो हवं, भरलं ७९९. मग हॅमिल्टनच्या गाडीखालची फळी मोजली. ही फळी गाडी जमिनीला किती जवळ धावली हे सांगते. ती दहा मिलिमीटर जाड असते आणि घासून घासून नऊपर्यंत आलेली चालते. एका ठिकाणी ती साडेआठ भरली. दोन्ही गाड्या बाद झाल्या, अठरा गुण गेले. एकाच संघाच्या दोन गाड्या एकाच दिवशी बाद होणं दुर्मीळ. पण त्या दोन स्वतंत्र कारणांनी बाद करून घ्यायला घराण्याची परंपरा लागते. त्यानंतर फळीच्या धास्तीने गाडी जमिनीपासून उंच ठेवावी लागली आणि वेग गेला. वर्षअखेर हिशेब असा लागला: रविवारची एकही शर्यत जिंकलेली नाही, क्रमांक चौथा, गुण ३९८, विजेत्या मॅक्लारेनचे ८३३. अठरा मोसमांत दर वर्षी निदान एकदा तरी पहिल्या तिघांत उभा राहिलेला हॅमिल्टन रविवारच्या शर्यतीत एकदाही तिथे दिसला नाही.

‘पण २०२६ ची गोष्टच वेगळी,’ असा पहिला आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. नियम मुळापासून बदलले आहेत. इंजिनाच्या एकूण ताकदीतला जवळपास अर्धा वाटा आता विजेचा. विजेच्या मोटरची मर्यादा १२० किलोवॅटवरून ३५० वर गेली आहे. इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांमधलं, गाडी आखूड, अरुंद आणि तीस किलोंनी हलकी, पुढचे आणि मागचे पंख धावताना हलणारे. पाटी कोरी आहे. शिवाय फेरारीने २०२५ च्या गाडीवरचं हवेच्या अभ्यासाचं काम एप्रिलअखेरीसच थांबवून सगळी फौज नव्या गाडीकडे वळवली होती. त्यात नियमांची एक कृपाही आहे: मागच्या मोसमात जो पुढे, त्याला वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्यांसाठी वेळ कमी. पहिल्याला ठरलेल्या वेळेच्या सत्तर टक्के, तर चौथ्याला पंच्याऐंशी. म्हणजे गेल्या वर्षी फेरारीने जे कमावलं ते हेच. पराभवाला व्याज मिळण्याची ही सोय इतर कुठल्या क्षेत्रात असती तर अनेक पक्ष निवडणुका मन लावून हरले असते. आता इतिहास पाहू. नियम बदलल्यावर फेरारी जिंकल्याचे दाखले आहेत, नाही असं नाही: १९५२ ला अस्कारी, १९६१ ला फिल हिल. पण त्यानंतरच्या आठवणीतल्या उलथापालथी काढल्या तर २००९ ला चौथा क्रमांक, २०१४ ला चौथा आणि तोही एकही विजय न मिळवता, २०२२ ला दुसरा. २०२२ ला तर पहिल्या तीनपैकी दोन शर्यती लेक्लेरने जिंकल्या होत्या. मरानेल्लोच्या चर्चच्या घंटा वाजत होत्या. वर्षअखेरीस रेड बुल इतकी पुढे गेली होती, की त्या घंटा बहुधा वेळ सांगायलाच उरल्या. तात्पर्य, कोऱ्या पाटीवर फेरारी सुरेख श्रीगणेशा काढते. धांदल होते ती पुढची बाराखडी गिरवताना. शिवाय पाटी सगळ्यांचीच कोरी आहे. बोगद्यात वेळ कमी मिळालेल्या मॅक्लारेनला २०२४ जिंकल्यावरही २०२५ जिंकता आलंच ना!

दुसरा आक्षेप ड्रायव्हरांचा. लेक्लेर हा एका फेरीच्या वेगात जगातल्या पहिल्या दोन-तिघांत मोडतो. २०२५ च्या त्या दुष्काळातही हंगेरीत त्याने पोल पोझिशन मिळवली आणि मग शर्यतीत चौथा आला. सोबतीला हॅमिल्टन, ज्याने एकट्याने १०५ शर्यती जिंकल्या आहेत. अशी जोडी असताना चिंता कसली? पण जगज्जेते आणून बसवणं हा फेरारीचा जुनाच उद्योग आहे. तीन वेळचा जगज्जेता अ‍ॅलन प्रोस्ट १९९० ला आला. पुढच्याच वर्षी गाडी ट्रकसारखी चालते असं म्हणाला आणि शेवटच्या शर्यतीआधी त्याला नारळ मिळाला. फर्नांडो अलोन्सोने पाच मोसम घालवले. त्यातल्या दोन वेळी विजेतेपद अनुक्रमे चार आणि तीन गुणांनी हुकलं. चार वेळचा जगज्जेता सेबास्टियन व्हेटेल सहा मोसम राहिला आणि हात हलवत गेला. या यादीत हॅमिल्टनचं नाव अगदी शोभून दिसतं. हंगेरीत पात्रता फेरीत तो बारावा आला तेव्हा संघाने बहुधा ड्रायव्हर बदलायला हवा असं तो स्वतःच बोलून गेला. जगज्जेत्याच्या तोंडून असलं वाक्य काढून घेण्याची ताकद ज्या घरात आहे, त्या घरात ड्रायव्हर हा प्रश्न नाही आणि उत्तरही नाही.

मग घोडं पेंड खातं कुठे? तर शर्यत चालू असताना घ्यायच्या निर्णयांत. एक प्रसंग जवळून पाहू. २८ सप्टेंबर २००८, सिंगापूर, फॉर्म्युला वनच्या इतिहासातली रात्रीची पहिली शर्यत. फेलिपे मासा आघाडीवर. तो पेट्रोल भरायला आत येतो. इतर संघांत गाडीपुढे हातात दांड्याची पाटी धरलेला एक माणूस उभा असायचा. तो पाटी उचलेपर्यंत गाडी हलायची नाही. फेरारीने या माणसाच्या जागी सिग्नलचे आधुनिक दिवे बसवले होते. पेट्रोलची नळी अजून टाकीत आहे, भरणारा तिला धरून आहे, आणि दिवा हिरवा होतो. मासा निघतो. नळी यंत्रातून उखडते, माणूस कोलमडतो, आणि सापाच्या शेपटीसारखी ती नळी फरपटत मासा पिटलेनच्या टोकाशी जाऊन थांबतो. मग लाल कपड्यांतले मेकॅनिक सगळ्या संघांच्या दारांवरून धावत जातात, सगळे मिळून ती उपसतात. मासा तेरावा आला. मोसमाच्या शेवटी ब्राझीलमध्ये तो शर्यत जिंकला आणि चाळीस सेकंदांहूनही कमी काळ जगज्जेता होता. गॅरेजमध्ये मिठ्या मारून झाल्या आणि मग शेवटच्या वळणावर, तेव्हा प्रतिस्पर्धी असलेल्या हॅमिल्टनने एकाला मागे टाकलं. फरक एका गुणाचा, ९८ विरुद्ध ९७. त्या मोसमाचा निकाल आपल्या बाजूने लागायला हवा होता म्हणून मासा २०२४ साली लंडनच्या कोर्टात गेला. बाकीचे फेरारीवाले पुढचं वर्ष जिंकायला निघालेले असतात; हा एकटा मागचं.

असे दाखले हवे तेवढे आहेत. २०१० ला अबू धाबीत रेड बुलच्या एका ड्रायव्हरवर नजर ठेवून अलोन्सोला आत बोलावलं. तो बाहेर पडला तो रशियाच्या पेत्रोव्हच्या मागे, आणि उरलेली शर्यत त्याची पाठ बघण्यात गेली. विजेतेपद रेड बुलच्या दुसऱ्याच ड्रायव्हरने, व्हेटेलने नेलं. २०२२ ला मोनॅकोत, स्वतःच्या जन्मगावी, पहिल्या जागेवरून निघालेल्या लेक्लेरला रेडिओवर ‘आत ये’ सांगितलं, तो आत वळला, आणि मग ‘बाहेरच राहा’ असा निरोप आला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्यातून या घोड्याचं चित्र प्रत्येक गाडीवर काढलेलं. लेक्लेर चौथा आला. त्याच वर्षी हॉलंडमध्ये कार्लोस साइन्स टायर बदलायला आला तेव्हा तीन टायर हजर होते आणि चौथा वाटेत होता. जे काम अडीच सेकंदांत होतं त्याला १२.७ लागले. गाडीला चाकं चार असतात ही गोष्ट १९५० पासून बदललेली नाही. आणि २०२५ ला मायामीत आपल्या पुढे चाललेल्या लेक्लेरला बाजूला करायचं की नाही यावर संघाचं इतकं चर्वितचर्वण चाललं, की हॅमिल्टनने ‘तेवढ्यात चहाही पिऊन घ्या’ अशा अर्थाचं रेडिओवर सुनावलं.

इथे खरा वजनदार आक्षेप येतो: चुका कोण करत नाही? बरोबर आहे. २०२५ ला लास व्हेगासमध्ये मॅक्लारेनच्याही दोन्ही गाड्या फळी घासल्यामुळे बाद झाल्या. पुढच्याच आठवड्यात कतारमध्ये सेफ्टी कार आली, बहुतेक सगळ्यांनी टायर बदलून घेतले आणि मॅक्लारेनवाले आपल्याच तंद्रीत बाहेर राहिले. तरीही दोन्ही विजेतेपदं त्यांचीच. म्हणून आमचा मुद्दा चुकांचा नाही, चुकीच्या दुसऱ्या दिवसाचा आहे. इंग्लंडमधल्या कारखान्यात सोमवारी बैठक होते. इटलीत सोमवारी वर्तमानपत्र येतं. फेरारी हा राष्ट्रीय संघ आहे आणि त्याचं विजेतेपद हा जन्मसिद्ध हक्क. तो मिळाला नाही म्हणजे कुणीतरी तो चोरला, आणि चोर घरातलाच असणार. मग डोकं उडवलं जातं. २०१४ चं वर्ष सुरू झालं तेव्हा स्तेफानो दोमेनिकाली प्रमुख होते. ते एप्रिलमध्ये गेले आणि अमेरिकेत फेरारीच्या गाड्या विकण्याचं खातं सांभाळणारे मात्तियाच्ची आले. ते वर्ष संपायच्या आत गेले आणि सिगारेट कंपनीतले अरिवाबेने आले. मग इंजिनवाले बिनोत्तो, आणि २०२३ च्या जानेवारीत फ्रान्सचे फ्रेडरिक व्हासेर. नऊ वर्षांत पाच प्रमुख. त्या अवघ्या काळात मर्सिडीजमध्ये एकटे वोल्फ होते आणि रेड बुलमध्ये एकटे हॉर्नर, आणि या नऊ वर्षांतली झाडून सगळी विजेतेपदं या दोघांनी वाटून घेतली. आता पिटलेनमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. बरोबर निर्णय घेतला तर श्रेय ड्रायव्हरचं, चुकला तर उद्या पहिल्या पानावर फोटो आपला. असा माणूस जिंकण्यासाठी निर्णय घेत नाही. आपल्यावर शेकणार नाही असा निर्णय शोधतो. तो सापडेपर्यंत गाडी पिटलेनचं तोंड ओलांडून गेलेली असते.

‘हा इटालियन स्वभावाचाच दोष,’ असं काही इंग्रज पंडित म्हणतात. त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं उत्तर आंद्रेआ स्तेला. हा गृहस्थ इटालियन, फेरारीत दशकभराहून जास्त राबलेला, अलोन्सोचा अभियंता. २०१५ ला तो मॅक्लारेनमध्ये गेला आणि २०२२ च्या डिसेंबरात तिथला प्रमुख झाला. पहिल्या दोन शर्यतींत त्याच्या संघाला एक गुणही मिळाला नाही. मरानेल्लोत असता तर तिसऱ्या शर्यतीपर्यंत त्याच्या निरोप समारंभाचा मजकूर तयार झाला असता. मॅक्लारेनने त्याला काम करू दिलं. २०२४ आणि २०२५ ची संघ-विजेतेपदं त्याने आणली. २०२४ ला त्याने ज्यांना चौदा गुणांनी हरवलं तो संघ फेरारीच होता. दुसरं उत्तर त्याहून बोचरं आहे. ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सर्वोच्च गटात फेरारी पन्नास वर्षांनी २०२३ ला उतरली आणि २०२३, २०२४ व २०२५ अशी सलग तीन वर्षं जिंकली. तेच गाव, तोच घोडा, तीच भाषा. तिथे चोवीस तास निर्णय घ्यावे लागतात आणि ते जमतात. कारण तिथे कुणी रोज सकाळी मानगुटीवर बसलेलं नसतं. २०२५ च्या नोव्हेंबरात सहनशक्तीच्या जागतिक मालिकेत फेरारी विजेती ठरली आणि दुसऱ्याच दिवशी ब्राझीलमध्ये फॉर्म्युला वनच्या दोन्ही गाड्या शर्यत अर्धवट सोडून परतल्या. त्यावर अध्यक्ष जॉन एल्कान यांनी ड्रायव्हरांना जाहीर सल्ला दिला: बोलणं कमी करा आणि गाडी चालवण्याकडे लक्ष द्या. कमी बोलण्याचा सल्ला पत्रकारांसमोर बोलून देणं हे मरानेल्लोच्या व्यवस्थापनशास्त्राचं सार आहे.

आता शेवटचा आणि हुकमी पत्ता: शूमाकर. २००० ते २००४ सलग पाच विजेतेपदं, २००४ ला संघाने अठरापैकी पंधरा शर्यती जिंकलेल्या! मग फेरारीला जमत नाही कसं म्हणता? जमतं, आणि कशामुळे जमलं ते बघण्यासारखं आहे. फ्रान्सचे जाँ टॉड १९९३ ला प्रमुख म्हणून आले. शूमाकर १९९६ ला आला. पाठोपाठ तंत्रप्रमुख रॉस ब्रॉन, आणि थायलंडमध्ये स्कूबा डायव्हिंगची शाळा काढायला निघालेला आरेखनकार रोरी बर्न. मग लगेच यश आलं का? १९९७ ला शूमाकरने शेवटच्या शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला धडक दिली आणि त्याचा अख्खा मोसम रद्द झाला. १९९८ ला शेवटच्या शर्यतीच्या सुरुवातीलाच त्याची गाडी बंद पडली. १९९९ ला त्याचा पाय मोडला आणि त्याच्या साथीदाराचं विजेतेपद दोन गुणांनी गेलं. तीन वर्षं ओळीने तोंडचा घास पडला, वर्तमानपत्रांनी तेव्हाही डोकी मागितली, पण एकाचंही उडालं नाही. टॉड आल्यापासून आठव्या मोसमात गंगेत घोडं न्हालं. म्हणजे शूमाकरचा काळ आमच्या म्हणण्याचा प्रतिवाद नाही, तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे. फेरारीला पैसा, प्रतिभा किंवा कारखाना कमी पडला म्हणून ती हरली असं क्वचितच झालं. तिला धीर पुरला तेव्हा ती जिंकली.

मग कंपनी हा धडा घेत का नाही? कारण धीर नसल्याचा तोटा तिला होत नाही. वर्षाला जेमतेम पावणेचौदा हजार गाड्या ती विकते आणि त्यांच्यासाठी गिऱ्हाईक रांग लावून थांबतं. हॅमिल्टन येणार हे जाहीर झालं त्याच दिवशी वार्षिक नफ्याचे आकडेही आले आणि शेअर उसळला. त्याने अजून लाल गाडीत पाऊलही टाकलं नव्हतं. एन्झो फेरारी शर्यतींचा खर्च भागावा म्हणून रस्त्यावरच्या गाड्या विकत. आता गाड्या विकल्या जाव्यात म्हणून शर्यती धावल्या जातात, आणि विक्रीला विजयापेक्षा आशा जास्त मानवते, कारण विजय शिळा होतो. या आशेचे हप्ते आपल्याकडेही भरले जातात. सचिन तेंडुलकरला २००२ साली सिल्व्हरस्टोनवर शूमाकरच्या हस्ते फेरारी मिळाली, तेव्हापासून मराठी घरांत हे नाव दूरचं राहिलं नाही. त्या गाडीने कस्टममध्ये घालवलेला वेळ हा फेरारीचा सर्वांत गाजलेला भारतीय पिटस्टॉप ठरावा. आणि नातंच काढायचं तर फियाटने १९६९ ला फेरारीची निम्मी मालकी घेतली, तेव्हा त्याच फियाटच्या परवान्यावर कुर्ल्यात बनणाऱ्या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून पळत होत्या. त्या २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाल्या. बोनेट गरम झाल्याशिवाय त्या कधी रुसल्या नाहीत आणि रुसल्या तरी कुणी टॅक्सीवाला बदलला नाही.

तेव्हा आमचं भाकीत सांगतो, आणि ते खोटं ठरू शकेल अशा भाषेत सांगतो. २०२६ ला फेरारी दोन ते चार शर्यती जिंकेल, संघांत दुसरी किंवा तिसरी येईल, आणि निदान एका शर्यतीत गाडी वेगवान असूनही हरेल. इंजिनाचं कोडं कुणा दुसऱ्याने आधी सोडवलेलं निघालं तर यातही घट होईल. पण निकालापेक्षा महत्त्वाची खूण वेगळीच आहे. व्हासेर यांचा करार २०२५ च्या जुलैत बरीच वर्षं वाढवला गेला. टॉड यांच्यानंतर मरानेल्लोने दाखवलेला हा सर्वांत शहाणा संयम. फक्त तो कागदावर आहे, आणि कागद टिकला का हे पहिल्या फसलेल्या पिटस्टॉपनंतरच्या आठवड्यात कळेल. म्हणून ज्यांना पैज लावायची हौस आहे त्यांनी मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीच्या निकालाकडे फार लक्ष देऊ नये. या मोसमातही विजेतेपद हुकलं, इटलीतल्या वर्तमानपत्रांनी आठ-आठ कॉलमी गळा काढला, आणि तरीही २०२७ च्या जानेवारीत व्हासेर त्याच खुर्चीत दिसले, तर २०२८ साठी पैसे बाजूला काढून ठेवायला हरकत नाही.